गावपळणीला नेलेला सर्व्हर

सायलीच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सात हार्ड डिस्क होत्या. त्यातली एक बंद पडली होती आणि नेमक्या त्याच डिस्कमध्ये एका लग्नाचं सगळं शूटिंग होतं.

ओढणीत गुंडाळून ती डिस्क घेऊन ती कणकवलीला माझ्या दुकानात आली. मी डिस्क जोडली, कान लावला. आतून टक टक आवाज येत होता. हार्ड डिस्कच्या आत एक चकचकीत तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक टोक वाचत जातं. ते टोक अडकलं की असा आवाज येतो. हा आवाज आला की मी गिऱ्हाइकाला खोटी आशा दाखवत नाही.

"गेली," मी म्हटलं.

सायली समोरच्या स्टुलावर बसली आणि ओढणीची घडी घालत राहिली.

तिच्या घरचं सांगते, म्हणजे डिस्क जाणं म्हणजे काय ते कळेल. नवरा क्रूझवर स्वयंपाकी होता. करार संपला आणि नवा आला नाही. लागोपाठ दोन हंगाम आंब्याचा मोहोर करपला. सासऱ्यांची कलमं होती, पण कलमं नुसती बघून पोट भरत नाही. नवऱ्याला गोव्यात एका हॉटेलात काम मिळालं, तो पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. बाकीचं घर चालत होतं ते सायलीच्या एडिटिंगवर. मडगावचा एक स्टुडिओ लग्नांचं शूटिंग करायचा, सगळे तुकडे तिच्याकडे पाठवायचा आणि ती मालवणच्या पुढे खाडीकाठच्या तिच्या घरात बसून त्याची फिल्म बनवायची. शेजारची प्रणाली तिला मदत करायची. दोघी दोन लॅपटॉपवर बसायच्या आणि डिस्क एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायची. काढ, लाव, काढ, लाव. त्यात खाडीची खारी हवा. डिस्क मेली नसती तरच नवल.

त्या वेळी निभावलं. स्टुडिओने कॅमेऱ्यांची मूळ कार्डं अजून पुसली नव्हती. पण स्टुडिओचे मालक लॉरेन्सबाब यांनी तिला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. ते सायलीने मला जसंच्या तसं ऐकवलं.

"सायली, हांव तुका एकूच सांगतां. परत अशें जालें तर मडगांवां येवन ऑफिसांत बस. घरची डिस्क, घरचें काम, म्हाका नाका."

मडगावला जायचं म्हणजे तीन वर्षांच्या मुलीला घेऊन भाड्याच्या खोलीत राहायचं, आणि इथे सासू-सासरे दोघंच. प्रणालीचं काम तर सुटलंच. म्हणून ती माझ्याकडे आली होती. मेलेली डिस्क जिवंत करायला नव्हे. पुन्हा असं होऊ नये म्हणून.

"घरात एक सर्व्हर बसवतात म्हणे," ती म्हणाली. "तो सांगा मला."

आता मी कोण ते सांगते. वडील चिरेखाणीवर चिरे भरायचे, आई काजू फॅक्टरीत काजू फोडायची. त्या कामात काजूच्या चिकाने बोटं काळी पडतात, ती महिनोन्‌महिने निघत नाहीत. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. कॉम्प्युटर. रिझल्ट लागला त्या दिवशी आई फॅक्टरीत पेढे घेऊन गेली आणि "पोरगां पास झालां" असं न सांगता "ग्रॅज्युएट झालां" असं सांगत फिरली. नंतर मी गोव्यात एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये काम केलं. थंडगार खोली, काचेचा दरवाजा, रांगेत उभी यंत्रं. मग परत येऊन कणकवलीला स्वतःचं दुकान काढलं. पाटीवर नावापुढे डिग्री लिहिली आहे. काही लोक हसतात. मी ती काढणार नाही.

तर घरचा सर्व्हर. लोकांना वाटतं काहीतरी अवाढव्य असणार. तसं नाही. नेहमी आपण डिस्क एका कॉम्प्युटरला जोडतो. त्याऐवजी सगळ्या डिस्क एका वेगळ्या डब्यात घालायच्या आणि तो डबा घरच्या राउटरला जोडायचा. मग घरातल्या कोणत्याही लॅपटॉपवरून त्या डिस्क दिसतात. दोघी एकाच वेळी काम करू शकतात आणि डिस्कला कुणी हात लावत नाही. माजघरात सामायिक कपाट असतं तसं हे.

दुसरी गोष्ट म्हणजे मिरर. डब्यात दोन डिस्क घालायच्या आणि एकीवर जे लिहाल ते दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी चालू राहते, आपण मेलेली बदलायची. पण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. चुकून फाइल उडवली तर ती दोन्हीकडून उडते. घराला आग लागली तर दोन्ही जळतात. म्हणून एक कॉपी घराबाहेर लागतेच.

सायलीला मी सगळे प्रश्न विचारले. एका लग्नाचा डेटा साधारण किती? किती महिने ठेवायचा? एकावेळी किती जणी काम करणार? लाइट किती वेळा जाते? ठेवणार कुठे? तिने नीट उत्तरं दिली. तिची एकच शंका होती.

"जुना पीसी पडलाय घरी. त्यातच डिस्क टाकल्या तर?"

बऱ्याच जणांची सुरुवात तशीच होते आणि त्यात चूक काही नाही. पण तिचा पीसी फार जुना होता. असा पीसी दिवसरात्र चालू ठेवला की वीज खातो. त्याचा मोठा पंखा बाहेरची हवा आत ओढतो. खाडीकाठी त्या हवेबरोबर मीठ येतं, आणि काही महिन्यांत आतल्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. मी तिला दुकानातला एक तसा बोर्ड काढून दाखवला. तिने पुन्हा जुन्या पीसीचं नाव काढलं नाही.

मी तिच्यासाठी नवा टॉवर बांधला. मजबूत पत्र्याचं कॅबिनेट, चार डिस्क, पंख्यांना जाळ्या, दमदार पॉवर सप्लाय. बरोबर एक दणकट यूपीएस. खरं सांगायचं तर बांधताना मला गोव्याची ती सर्व्हर रूम आठवत होती. टॉवर बघून मलाच बरं वाटलं. असा सर्व्हर वर्षानुवर्षं चालतो. हलवायचा नाही, बंद करायचा नाही, फक्त धूळ पुसायची.

टॉवर टेम्पोतून खाडीकाठी नेला. सायलीचे सासरे, सगळे त्यांना तात्या म्हणतात, ओटीवर पेपर वाचत होते. सासूबाई, मी त्यांना काकी म्हणते, सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मी आणि टेम्पोवाल्याने मिळून टॉवर माजघरात आणून ठेवला, तेव्हा दोघांनाही धाप लागली होती.

काकी सूप बाजूला ठेवून उठल्या. टॉवरभोवती एक फेरी मारली.

"ह्यां सगळां बरां आसा गो बाय," त्या म्हणाल्या. "पण ह्यां गावपळणीक कसां नेवचां?"

मला क्षणभर कळलंच नाही. आमच्या कणकवलीकडच्या गावात गावपळण नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मालवणच्या बाजूच्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी अख्खा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. देवाचा कौल घेतात, देवाने होकार दिला की ढोल वाजतो आणि माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळे निघतात. वेशीबाहेर झावळ्यांचे मांडव घालून राहतात. तीन रात्री गाव रिकामा. मग पुन्हा कौल घेऊन परत यायचं. मी हे पेपरात वाचलं होतं. सायलीचं सासर त्याच गावांपैकी एक आहे, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"न्यायचा नाही काकी," मी म्हटलं. "हा इथेच चालू राहणार. मी कणकवलीत बसून मोबाइलवर लक्ष ठेवीन."

तात्यांनी पेपर खाली केला.

"चालू? गावात कोण नसताना?"

"हो. त्याला माणूस लागत नाही."

"गाव सोडलो म्हणजे सोडलो. चूल विझता, दिवो विझता. कोंबो सुद्धा मागे रवना नाय. आणि तुझो पंखो हय गरगरत रवतलो?"

ते चिडले नव्हते. पावसाळ्यात नांगरणी असते इतक्या साधेपणाने सांगत होते. मी म्हटलं, ठीक आहे, मग बंद करून ठेवू. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

यावर सायली बोलली. "तीन दिवस कुठे? त्या दिवसांत लग्नांचा सीझन असतो. लॉरेन्सबाबना सांगू का, आमचा गाव पळालाय, फिल्म उशिरा देते?"

"आणि परत कधी यायचं ते नक्की असतं ना?" मी विचारलं.

"देव सांगात तेव्हा," काकी म्हणाल्या.

आमच्या धंद्यात यंत्र बंद राहण्याच्या काळाला डाउनटाइम म्हणतात. मोठ्या कंपन्या तो मिनिटांत मोजतात. तो देवाला विचारावा लागेल, असं सांगणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं.

मी दुसरा मार्ग सुचवला. "सायली, ते दिवस माझ्या दुकानात येऊन बस."

"गावपळणीक घरात आसलेलो माणूस कमी नको," काकी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. विषय संपला.

सायली म्हणाली, "तेवढ्यापुरतं सगळं एका साध्या डिस्कवर घेऊन जाते."

"मागच्या वेळी साध्या डिस्कचं काय झालं?"

शेवटी टॉवरकडे बघून मी टेम्पोवाल्याला हाक मारली.

"परत चढव."

"काय ताई, आत्ताच तर उतरवला."

"चढव रे. मालवणचं ऊन दाखवायला आणला होता, असं समज."

घाटावरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. गिऱ्हाइकाला समजावून माल खपवायचा, हा धंदा. पण हार्डवेअर निवडायचं म्हणजे घरात कसं जगतात ते बघून निवडायचं. या घरात तीन-चार वर्षांतून एकदा सगळं उचलून न्यावं लागतं. तर उचलता येईल असंच यंत्र हवं. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. टॉवर नंतर एका शाळेच्या लॅबला गेला आणि तिथे तो छान चालतो.

नवी निवड मी दुकानात बसून पुन्हा पहिल्यापासून केली. या वेळी वजन पहिलं. दोन डिस्कचा तयार डबा घेतला, साधारण दोन विटा एकावर एक ठेवल्या एवढा. एका हाताने उचलता येतो. चार छोट्या डिस्कऐवजी दोन मोठ्या, मिरर करून. डिस्क सतत चालण्यासाठी बनवलेल्या जातीच्या, म्हणजे दुकानात स्वस्तात मिळतात त्या नव्हेत. यात मी घासाघीस ऐकून घेत नाही. मग वीज. हा डबा एका मोठ्या एलईडी बल्बहून थोडी जास्त वीज खातो, म्हणजे घरच्या इनव्हर्टरवर आरामात चालेल. आणि शेवटी, बाहेरची कॉपी. दर आठवड्याला एक डिस्क कणकवलीला माझ्या तिजोरीत येईल आणि जुनी परत जाईल.

डबा बसवायला गेले तेव्हा काकींनी तो एका हाताने उचलून पाहिला.

"आता ह्यां गावपळणीक नेवक येतलां," त्या म्हणाल्या.

सायली आणि प्रणाली त्याच दिवसापासून कामाला लागल्या. बिस्किटांच्या डब्यात काकींनी पुन्हा बिस्किटं भरली.

मार्गशीर्षात कौल झाला. ढोल वाजला. आणि अपेक्षेप्रमाणे त्याच आठवड्यात लॉरेन्सबाबनी एका लग्नाची कार्डं पाठवली. जोडपं पोर्तुगालला निघणार होतं. जायच्या आदल्या दिवशी नवऱ्याच्या घरी मोठं जेवण होतं, तिथे फिल्म दाखवायची होती. गावपळणीचा चौथा दिवस आणि फिल्म पोचवायचा दिवस एकच.

सायलीने आखणी केली होती. तीन दिवस मांडवात बसून एडिटिंग. चौथ्या दिवशी सकाळी कौल घेऊन घरी परत. घरी तिचा हप्त्यावर घेतलेला नवा, ताकदवान डेस्कटॉप होता, तो जड म्हणून तिने मागे बंद करून ठेवला होता. त्याच्यावर फिल्म रेंडर करायची. रेंडर म्हणजे कापलेले तुकडे, गाणी, रंग, नावं, हे सगळं शिजवून एकच फाइल काढणं. ही कामातली सगळ्यात जड पायरी. मग संध्याकाळी पाठवायची.

न्यायची तयारी करायला मी गेले होते. तात्यांनी हापूसच्या रिकाम्या पेट्या काढून ठेवल्या होत्या, खाली भाताचा पेंढा.

"आंबो मुंबैक जाता तो असोच जाता," ते म्हणाले. "एकाक डाग नाय."

पेंढा मी काढायला लावला. त्याची कुसं डब्यात गेली तर पंखा बसेल. त्याऐवजी काकींच्या जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या. पण पेटी तीच ठेवली, तिच्या मापाचं दुसरं काही मिळालं नसतं. तात्यांना डबा तसाच चालू ठेवून न्यायचा होता, बॅटरी टेम्पोतच होती म्हणून. तिथे मी ऐकलं नाही.

"तात्या, आत तबकडी फिरतेय. फिरत असताना टेम्पोने एक खड्डा घेतला की टोक तबकडीवर आपटतं. आधी बंद, मग उचल, मग ठेव, मग थोडा दम, मग चालू."

"म्हणजे म्हशीसारखीच. दूध काढताना ढकलूचा नाय."

"अगदी तसंच."

गाव निघाला. मी वेशीपर्यंत गेले. टेम्पोत कोंबड्यांची खुराडी, तांदळाची गोण, इनव्हर्टर आणि त्याची बॅटरी, राउटर, हापूसची पेटी, आणि पेटीवर हात ठेवून सायली. मुलगी तात्यांच्या खांद्यावर. दारं ओढून घेतली होती. मागे वळून पाहिलं तर खरोखर कुठेही धूर नव्हता, आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात होते. माझ्या मोबाइलवर त्या डब्याचा मेसेज आला. सायलीच्या फोनचं इंटरनेट त्याला जोडलेलं होतं, त्यामुळे काही बिघडलं की तो मला कळवतो. डिस्कचं तापमान वाढतंय, पंखा पूर्ण वेगाने फिरतोय. डिसेंबरची सकाळ, उघडा मांडव, तापायचं कारण नाही. मी फोन लावला.

"सायली, डब्यावर काय ठेवलंस?"

"काहीच नाही. पाटावर ठेवलाय, तुम्ही सांगितलं तसा."

"बघ जरा."

ती बघायला उठली. मग ती इतकी हसायला लागली की तिला बोलता येईना. फोन काकींनी घेतला.

"कोंबडी बसली गो. थंडी आसा, ह्यां गरम लागता. मस्त पंख पसरून बसली."

"तिला उठवा काकी."

"उठवतंय. पण अंडां घातलां तर माका दे म्हणून सांगू नको, ता मी ठेवतलंय."

कोंबडी उठली, तापमान उतरलं. डब्यावर एक उलटी टोपली घातली, हवा जाईल अशी. माझ्या डिग्रीच्या अभ्यासक्रमात हा बिघाड नव्हता.

चौथ्या दिवशी मी स्कूटरवरून मांडवात गेले. त्या आठवड्याची कॉपी घ्यायची होती आणि थोडी उत्सुकताही होती. मांडवांची रांग वहाळाच्या काठाने लागली होती. कुणी मासे तळत होतं, कुणी पत्ते खेळत होतं. सायली आणि प्रणाली चटईवर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या, मध्ये टोपलीखाली डबा. फिल्मचा शेवटचा कट झाला होता. आता घरी जाऊन रेंडर करायचा, एवढंच राहिलं होतं.

सकाळी कौल घ्यायला गेलेले गावकर, म्हणजे गावचे मानकरी, दुपारी देवळाकडून परत आले. तात्या त्यांच्यात होते. मांडवात येऊन त्यांनी टोपी काढली.

"देवान आज सोडूक नाय," ते म्हणाले. "उद्या परत विचारूचा."

सायली लॅपटॉपकडे बघत राहिली. घरातला डेस्कटॉप जेमतेम एक हाक मारण्याच्या अंतरावर होता, आणि जाता येत नव्हतं. तिने तात्यांना तसं विचारलंही नाही.

"लॅपटॉपवर रेंडर होईल?" तिने मला विचारलं.

"होईल. पण संध्याकाळ होईल आणि लॅपटॉप पूर्ण ताकदीने वीज ओढेल. बॅटरी दाखव."

इनव्हर्टरच्या बॅटरीवर तीन दिवसांचं काम होऊन गेलं होतं. मी मीटर लावून बघितलं. अर्ध्या रस्त्यात बंद पडली असती, आणि मध्येच बंद पडलेला रेंडर पहिल्यापासून करावा लागतो. कणकवलीला नेऊ का, असं मी म्हटलं. पण गाडी शोधा, डबा बंद करा, पेटीत घाला, तास-दीड तासाचा रस्ता, तिथे पुन्हा जोडा. तेवढ्यात अर्धा रेंडर इथेच झाला असता. फक्त वीज हवी होती.

फोन वाजला. लॉरेन्सबाब.

"सायली, खंय पावलां काम?"

"झालंय. संध्याकाळी पाठवते."

"नक्की मगो? लोक जेवपाक येतले. हांव तांकां कितें दाखोवं, शीत-कडी?"

"नक्की," सायली म्हणाली आणि फोन ठेवला. तिने कशाच्या जोरावर सांगितलं ते तिचं तिलाच माहीत.

तात्या सगळं ऐकत होते. त्यांनी टोपी परत घातली आणि रांगेतल्या शेवटच्या मांडवाकडे चालू लागले. तिथे भजनी मंडळी होती. गावपळणीत रोज संध्याकाळी भजन होतं आणि त्यांनी माइक आणि स्पीकरसाठी स्वतःची मोठी बॅटरी आणली होती. आम्हीही मागून गेलो.

"बुवा, तुमची बॅटरी होई," तात्या म्हणाले.

बुवा पखवाजाला कणीक लावत बसले होते. "कित्याक?"

"सुनेच्या कामाक. लग्नाची फिल्म शिजता हा, मध्ये विस्तू विझता कामा नये."

"आणि आमचो माईक?"

"आज माईक नाय."

बुवांनी एकदा सायलीकडे पाहिलं, एकदा बॅटरीकडे.

"ने," ते म्हणाले. "आमचो गळो काय बॅटरीर चलता? पण एक आसा. फिल्म माका दाखवूची. फुकट नाय देवचंय."

दोघा पोरग्यांनी बॅटरी उचलून आणली. मी तिचा दाब मोजला, वायरी तपासल्या, इनव्हर्टरची बॅटरी काढून ही जोडली. डबा, राउटर आणि एक लॅपटॉप सोडून बाकी सगळं बंद. प्रणालीने स्वतःचा फोनसुद्धा चार्जिंगवरून काढला. सायलीने बटण दाबलं. स्क्रीनवर हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली.

पट्टी सरकत असताना करण्यासारखं काहीच नसतं. काकींनी सगळ्यांना घावणे आणि काळा चहा दिला. सायलीची मुलगी येऊन पट्टीवर बोट ठेवून विचारायची, "हय इला?" आणि पुन्हा खेळायला जायची. बुवा दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी चटईवर बसलेच.

उन्हं उतरली तेव्हा पट्टी शेवटाला पोचली. सायलीने फाइल उघडली, सुरुवात पाहिली, मध्ये पाहिलं, शेवट पाहिला. नवरा-नवरी चर्चच्या पायऱ्या उतरत होती, वर तांदूळ आणि फुलांच्या पाकळ्या. आवाज बरोबर, रंग बरोबर.

"बायल जरा लाजता हा," बुवा म्हणाले. "पण बरी आसा."

मोबाइलच्या रेंजवर एवढी मोठी फाइल पाठवायला रात्र गेली असती. मी ती एका एसएसडीवर घेतली. एसएसडी म्हणजे न फिरणारी डिस्क, आत तबकडी नसते, त्यामुळे ती स्कूटरवर नेलेली मला चालते. पर्समध्ये टाकली, कणकवली गाठली, दुकानाच्या फायबर लाइनवरून मडगावला सोडली.

लॉरेन्सबाबचा मेसेज सायलीला आला, तिने मला पाठवला. "पावली. बरी जाल्या. फुडल्या लग्नाचीं कार्डां धाडटां. फुडलो आख्खो सीझन तुजो."

त्या संध्याकाळी भजन माइकशिवाय झालं. सायली सांगते, बुवांनी मुद्दाम इतक्या जोरात म्हटलं की वहाळापलीकडच्या गावातली माणसं ऐकायला आली. दुसऱ्या दिवशी देवाने परतायचा कौल दिला आणि सगळे घरी गेले. डबा आधी बंद करून, मग पेटीत घालून, मग टेम्पोत चढवून. सायलीने मला फोनवर ही क्रमवार तपासणी वाचून दाखवली, मी न विचारता.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच. घरी सर्व्हर बसवायला विचारणाऱ्या माणसाला मी आजही जुनेच प्रश्न विचारते, डेटा किती, माणसं किती, लाइट किती जाते. त्यात आता एका प्रश्नाची भर पडली आहे: तुमचं घर कधी उठून बाहेर जातं का? बहुतेक जण हसतात. मालवणच्या बाजूची माणसं हसत नाहीत, ती विचार करून उत्तर देतात.

त्यानंतर दोन हंगाम गेले. सायलीकडे आता प्रणालीसोबत आणखी एक मुलगी काम करते. नवरा हॉटेल सोडून घरी आला आणि शूटिंग शिकतोय. सायलीला मडगावला जावं लागलं नाही, आणि तिच्याकडची एकही फाइल आजवर हरवलेली नाही.